सारस मोजतो, तसे हेही मोजा

दरवर्षी जून महिन्यात आपल्या जिल्ह्यात सारसांची गणती होते. भल्या पहाटे निसर्गप्रेमी मंडळी आणि वनखात्याचे कर्मचारी तलावांच्या पाळींवर, बांध्यांच्या धुऱ्यावर जाऊन बसतात आणि उजाडताना उठणारी एकेक जोडी वहीत टिपतात. महाराष्ट्रात हा पक्षी आता उरला आहे तो प्रामुख्याने गोंदिया जिल्ह्यात, आणि गेल्या काही वर्षांत त्याचा आकडा चाळिशीच्या आतच राहिला आहे. आकडा घसरला की बातमी येते, चर्चा होते. २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून या विषयाची दखल घेतली. हे सारे का घडले? कोणीतरी दरवर्षी, न चुकता, मोजत होते म्हणून. मोजलेच नसते तर सारस केव्हा गेला हे आपल्याला कळलेही नसते.

आज मला अशाच दुसऱ्या एका मोजदादीविषयी लिहायचे आहे. ती पक्ष्यांची नाही, विषांची आहे. आणि ती करायची जागा तलाव नव्हे, तर तुमचे-आमचे शरीर आहे.

या विषांना शास्त्रीय मराठीत 'दीर्घस्थायी सेंद्रिय प्रदूषके' असे भारदस्त नाव आहे. नाव थोडे फसवे आहे. 'सेंद्रिय' म्हटले की आजकाल लोकांना सेंद्रिय तांदूळ, सेंद्रिय गूळ आठवतो आणि काहीतरी चांगलेच असणार असे वाटते. इथे सेंद्रिय याचा अर्थ एवढाच की ही कार्बनची रसायने आहेत. मी त्यांना आपले 'चिवट विषे' म्हणणार आहे. ती ऊन, पाऊस, जंतू कशालाच लवकर दाद देत नाहीत आणि वर्षानुवर्षे तशीच राहतात. पाण्यात विरघळत नाहीत, पण चरबीत विरघळतात, म्हणून प्राण्याच्या अंगातील मेदात जाऊन बसतात. वाऱ्यावर स्वार होऊन हजारो किलोमीटर जातात. आणि विषारी तर ती असतातच.

आपल्या पिढीला यांची ओळख करून द्यायला नको. मी आता पन्नाशी ओलांडली आहे. आमच्या लहानपणी मलेरियावाल्यांची टोळी गावात आली की पोरांना कोण आनंद! पाठीवर पंप घेतलेली माणसे घरातले सामान अंगणात काढायला लावायची, भिंतींवर डीडीटी मारायची आणि दारावर तारीख लिहून जायची. भिंत पांढरी पडलेली बायांना आवडत नसे. टोळीने पाठ फिरवली की त्या शेण-मातीने सारवून टाकत, आणि फवारणीचा अर्धा उपयोग तिथेच संपे. पोरींच्या डोक्यात उवा झाल्या तर तीच पावडर केसांत घालून वर फडके बांधायचे. धानावर तुडतुडे पडले की बीएचसीची भुकटी उघड्या हातांनी धुरळायची. खरजेवर दवाखान्यातून मिळणाऱ्या पांढऱ्या औषधातसुद्धा याच बीएचसीचा भाऊबंद, लिंडेन, असे. तेव्हाच्या वैद्यकीय पाठ्यपुस्तकात तोच उपचार दिलेला होता.

आता कोणी म्हणेल, की हे डीडीटी म्हणजे पापच होते. तसे मी म्हणणार नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास आपल्या देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि सुमारे आठ लाख माणसे त्याने मरत. १९५३ साली राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत रुग्णांचा आकडा एक लाखापर्यंत खाली आला. नागझिऱ्याच्या आसपासच्या गावांत ज्यांनी हिवतापाने ओस पडलेली घरे पाहिली, त्या वडीलधाऱ्यांना हे सांगावे लागत नाही. पुढे डास निर्ढावले, मोहीम ढिली पडली आणि १९७६ साली रुग्ण चौसष्ट लाखांवर गेले ही गोष्ट निराळी. दक्षिण आफ्रिकेने १९९६ साली डीडीटी सोडले, हिवताप उसळला आणि २००० साली त्यांना ते पुन्हा हाती घ्यावे लागले. तेव्हा औषध वाईट की चांगले, हा शाळकरी वाद बाजूला ठेवू. प्रश्न असा आहे, की भिंतीवर मारलेले आणि शेतात धुरळलेले ते सारे गेले कुठे?

त्याचे उत्तर आपल्या मामा तलावांत आहे. शेतातली माती पावसाने वाहते, तिच्याबरोबर विष तलावात येते आणि गाळाला चिकटून बसते. गाळातून ते सूक्ष्म जिवांत जाते. त्यांना झिंगे खातात, झिंग्यांना मासोळ्या, मासोळ्यांना मरळ. प्रत्येक पायरीला खाणारा शेकडो जीव खातो. त्यांचे मांस पचते, पण त्यांच्यातले विष मात्र साठत जाते. पाण्यात जे यंत्रालाही जेमतेम सापडते, ते मासे खाणाऱ्या पक्ष्याच्या अंगात हजारो पटींनी जमा होते. आणि या शिडीच्या अगदी वरच्या पायरीवर पक्षी नाही, माणूसही नाही. तिथे आईच्या अंगावर पिणारे बाळ आहे. आईच्या चरबीत वीस-पंचवीस वर्षांत जे साठले, त्यातला वाटा दुधाच्या स्निग्धांशाबरोबर बाळाकडे जातो. पहिल्या बाळाला सर्वांत जास्त, पुढच्यांना कमी कमी.

सारसांनीही याची किंमत मोजलेली आहे. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव अभयारण्यात १९८० च्या दशकाच्या अखेरीस सारस मरून पडू लागले. शास्त्रज्ञांनी तपासले, तेव्हा कारण निघाले आल्ड्रिन. वाळवी लागू नये म्हणून शेतकरी ते वापरत होते आणि शेतातले दाणे पक्ष्यांनी टिपले होते. आपल्या देशात आल्ड्रिनवर १९९६ साली बंदी आली.

आता मोजदादीकडे येतो. २२ मे २००१ रोजी स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथे जगातील देशांनी एक करार केला. त्यात पहिल्यांदा बारा विषांची नावे होती. डीडीटी, आल्ड्रिन, डिल्ड्रिन यांसारखी कीटकनाशके, ट्रान्सफॉर्मरच्या तेलात घातले जाणारे पीसीबी, आणि कचरा जाळल्याने आपोआप तयार होणारी डायॉक्सिन व फ्युरान. हा करार १७ मे २००४ पासून अमलात आला. भारताने जानेवारी २००६ मध्ये त्याला मान्यता दिली. पुढे यादी वाढत गेली आणि आज ती तीसच्या वर गेली आहे. एन्डोसल्फान २०११ साली तिच्यात आले. त्याच वर्षी १३ मे रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्यावर बंदी घातली. त्यामागे केरळातील कासरगोडच्या काजूबागांशेजारी राहणाऱ्या लोकांचे हाल होते. आणि २०२५ च्या बैठकीत काही सवलती ठेवून क्लोरपायरिफॉस त्या यादीत गेले. वाळवीसाठी, धानासाठी आपल्याकडे दुकानात सर्रास मागितले जाणारे औषध! तेव्हा हा विषय आजोबांच्या काळातला आहे, असे समजू नये.

या करारातली मला सर्वांत शहाणपणाची वाटणारी गोष्ट म्हणजे त्याचे सोळावे कलम. बंदी घातली, कागद झाला, टाळ्या झाल्या, एवढ्यावर हे कलम थांबत नाही. बंदीचा खरोखर उपयोग झाला का, हे ठरावीक वर्षांनी मोजून दाखवा, असे ते सांगते. त्यासाठी जगभर मुख्यतः दोन गोष्टी तपासल्या जातात, हवा आणि आईचे दूध किंवा माणसाचे रक्त. काही नव्या विषांसाठी पाणीही. पहिले प्रादेशिक अहवाल २००९ साली आले आणि त्यानंतर ते येत राहिले आहेत.

दुधाची तपासणी कशी करतात ते सांगण्यासारखे आहे. जागतिक आरोग्य संघटना हे काम १९८७ पासून करीत आहे. पहिलटकरणी घ्यायच्या, वय तिशीच्या आत, बाळ साधारण तीन ते आठ आठवड्यांचे, दोघांची प्रकृती चांगली, आणि आई त्या भागात बरीच वर्षे राहिलेली. अशा पन्नास माता. प्रत्येकीने स्वखुशीने, समजून-उमजून थोडेसे दूध काढून द्यायचे. सगळ्यांचे समान भाग एकत्र करून एक नमुना होतो आणि तो जर्मनीतील फ्रायबुर्ग येथील प्रयोगशाळेत जातो. सगळ्या देशांचे नमुने एकाच प्रयोगशाळेत एकाच पद्धतीने तपासले म्हणजे तुलना खरी होते. सुई नाही, दुखणे नाही, आणि कोणा एकीचे नावही नाही.

२००० ते २०१० या काळातील असे नमुने पन्नासहून अधिक देशांतून जमले. त्यांवरचा लेख २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात डीडीटीचे प्रमाण अप्रगत देशांत जास्त निघाले, याचे आश्चर्य नाही. पण डायॉक्सिन सर्वाधिक आढळलेल्यांत भारताचे नाव, काही युरोपीय व आफ्रिकी देशांच्या जोडीला, आले. डायॉक्सिन कोणी विकत आणून फवारत नाही. ते जळत्या प्लॅस्टिकच्या धुरात असते. आठवडी बाजार उठल्यावर पेटवलेला पन्न्यांचा ढीग, तांब्यासाठी कबाडी जाळतो ती वायरची गुंडाळी, चूल पेटवताना वर टाकलेली प्लॅस्टिकची पिशवी. हा धूर वर जातो आणि राख खाली गवतावर पडते. गवत गाय खाते. शरीरात गेलेल्या डायॉक्सिनपैकी निम्मे बाहेर पडायला सुमारे सात वर्षे लागतात.

इथे मला थांबून एक गोष्ट ठळकपणे सांगायची आहे, कारण ती न सांगता हा लेख छापला तर फायद्यापेक्षा नुकसान जास्त होईल. मागच्या पावसाळ्यात जंगलाकडच्या एका गावातली बाळंतीण सासूसोबत दवाखान्यात आली. मोबाइलवर कोणीतरी तिला दुधातल्या कीटकनाशकांचे काहीतरी दाखवले होते. घाबरून विचारत होती, "डॉक्टरसाहेब, माह्या दुधात जहर असन त पोराले डब्ब्याचं चालू करू का जी?" मी म्हटले, "अजिबात नाही गं बाई. डब्बा दूध कोणत्या पाण्यात कालवशील? बाटली दर खेपेला उकळशील का?" तिची सासू लगेच म्हणाली, "मी तेच सांगून रायली व्हती." सासूबाईंचे हे एक वाक्य माझ्या दहा वाक्यांना भारी पडले.

जागतिक आरोग्य संघटनेचे तज्ज्ञ हे आकडे समोर ठेवूनच सांगतात, की स्तनपानाचे फायदे या धोक्यापेक्षा कितीतरी मोठे आहेत. पहिले सहा महिने केवळ अंगावरचे दूध, आणि पुढे वरच्या अन्नासोबत दोन वर्षांपर्यंत ते चालू ठेवायचे. आईचे दूध तपासतात ते दूध वाईट आहे म्हणून नव्हे, तर शरीराच्या आतले काही न टोचता सांगणारी ती एकमेव चांगली साक्ष आहे म्हणून. आणि डब्यातली पावडर म्हणजे विषमुक्त, या भ्रमातही कोणी राहू नये. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा १९९३ चा अहवाल या बाबतीत डोळे उघडणारा आहे. बालआहाराच्या वीस ब्रँडचे १८६ नमुने तपासले, त्यांतील सुमारे ७० टक्क्यांत डीडीटी आणि ९४ टक्क्यांत बीएचसीचे प्रकार निघाले.

त्याच अहवालात गाई-म्हशींच्या दुधाचे आकडे आहेत. बारा राज्यांतून २२०५ नमुने घेतले. ८२ टक्के नमुन्यांत डीडीटी होते आणि ३७ टक्के नमुन्यांत ते मर्यादेपेक्षा जास्त होते. आता महाराष्ट्राचे ऐका. मर्यादेबाहेरचे नमुने सर्वांत जास्त आपल्याच राज्यात निघाले, ७४ टक्के! गुजरात दुसरा, ७० टक्के. शेतीत डीडीटी वापरायला १९८९ सालीच मनाई झाली होती, तरी हे असे. हे आकडे तीस वर्षांपूर्वीचे आहेत. त्यानंतर १९९७ मध्ये बीएचसीवर बंदी आली, मग लिंडेन गेले, मलेरियासाठी दुसरी औषधे आणि औषध लावलेल्या मच्छरदाण्या आल्या. तेव्हा प्रमाण उतरायला हवे. पण 'उतरायला हवे' हे वाक्य मी रोग्याच्या तापाबद्दल उच्चारले तर त्याचे नातेवाईक म्हणतील, थर्मामीटर लावून पाहा ना!

थर्मामीटर लावण्याचा काय उपयोग होतो, ते स्वीडनने दाखवून दिले. तिथे १९७२ पासूनचे मातांच्या दुधाचे नमुने गोठवून जपून ठेवले होते. डीडीटी आणि पीसीबी बंदीनंतर वर्षागणिक उतरत गेलेले त्यांत स्वच्छ दिसले. पण नव्वदच्या दशकात हेच जुने नमुने पुन्हा काढून पाहिले, तेव्हा एक नवेच विष सापडले. सोफा, पडदे, टीव्ही पेटू नयेत म्हणून त्यांत मिसळायचे ब्रोमिनयुक्त रसायन. १९७२ ते १९९७ या काळात दर पाच वर्षांनी ते दुपटीने वाढत होते, आणि कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. पुढे २००९ साली ते स्टॉकहोमच्या यादीत गेले. दूध जपून ठेवले नसते तर कळलेच नसते. दुसरीकडे उत्तर कॅनडातील बर्फात राहणारे इनुइट लोक. ना त्यांच्याकडे शेती, ना कारखाने. तरी १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या स्त्रियांच्या दुधात पीसीबीचे प्रमाण दक्षिणेकडच्या शहरी बायांपेक्षा कित्येक पट निघाले, कारण वाऱ्याने नेलेले विष तिथल्या माशांत आणि सीलच्या चरबीत साठले होते. आम्ही जंगलात राहतो, आमची हवा स्वच्छ, असे नागझिऱ्याच्या कडेला राहणाऱ्यांनीही छातीठोकपणे म्हणू नये.

ही विषे माणसाला नेमके काय करतात? यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ते विष दिसले, कारण त्याने चार दिवसांत प्राण घेतले. चिवट विषाचे तसे नसते. ते शरीरातील संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करते, गर्भावर आणि वाढत्या मेंदूवर परिणाम करू शकते, आणि त्यातली काही कर्करोगाला कारण होतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली लिंडेनला 'निश्चित कर्करोगकारक' आणि डीडीटीला 'बहुधा कर्करोगकारक' म्हटले. ही वर्गवारी पुरावा किती पक्का आहे एवढेच सांगते, तुम्हाला धोका किती हे सांगत नाही. दवाखान्यात बसून एखाद्या रोग्याकडे बोट दाखवून 'याला डीडीटीने झाले' असे कोणताही प्रामाणिक डॉक्टर म्हणू शकत नाही. म्हणूनच हा विषय एकट्या डॉक्टरचा राहत नाही, मोजमाप करणाऱ्या यंत्रणेचा होतो.

तरी काही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत. गुडघे दुखतात म्हणून कुठून तरी मिळवलेले ट्रान्सफॉर्मरचे तेल चोळणारे म्हातारे मला आजही भेटतात. 'गरम पडते, आराम वाटते' असे सांगतात. बहुतेक वेळा ते साधे खनिज तेल असते, पण जुन्या यंत्रातल्या तेलात पीसीबी असू शकते आणि ते वासाने किंवा रंगाने ओळखता येत नाही. सरकारने २०१६ च्या आदेशाने पीसीबीचा वापर पूर्ण बंद करण्यासाठी ३१ डिसेंबर २०२५ ही मुदत घातली. म्हाताऱ्यांनी त्याची वाट पाहायला नको होती. तिळाचे तेल काही कमी गरम पडत नाही. औषधाच्या रिकाम्या डब्यात तांदूळ-डाळ भरू नका, ते धुऊन जात नाही. आणि पन्न्या जाळू नका. हे ग्रामपंचायतीलाही सांगा, कारण पुष्कळदा काडी तिचाच माणूस लावतो.

बाकीचे काम सरकारचे आहे, आणि त्यासाठी फार लांब जायला नको. या करारासाठी आशियातील एक प्रादेशिक केंद्र म्हणून नेमलेली संस्था आहे नागपूरची 'नीरी'. म्हणजे आपल्यापासून दोन-अडीच तासांच्या वाटेवर. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, बाई गंगाबाई स्त्री रुग्णालयात जिल्हाभरातून बाळंतिणी येतात. जागा आहे, माणसे आहेत, ज्ञान आहे. डायॉक्सिनची तपासणी फार महाग असते हे मला मान्य आहे. ती दहा वर्षांतून एकदा करा. पण डीडीटी, बीएचसी आणि एन्डोसल्फान तपासणारी यंत्रे आपल्या देशात ठिकठिकाणी आहेत. संपूर्ण भारताच्या सरासरीत आमचा जिल्हा बुडून जातो. जिथे तीस-चाळीस वर्षे भिंतींवर फवारणी झाली, जिथे लोक तलावातले मासे खातात, तिथला आकडा वेगळा काढला पाहिजे. त्याच खेपेला चार तलावांचा मूठ-मूठ गाळ आणि दहा गोठ्यांतले दूधही तपासावे. हल्ली तलावांतला गाळ काढून शेतात टाकण्याची योजना जोरात असते. चांगली आहे, पण त्या गाळात काय आहे ते टाकण्याआधी कळले तर बरे.

अधिकारी मंडळी म्हणतील, आकडे बाहेर आले की लोक घाबरतील. हे मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. माझा अनुभव उलट आहे. लोक घाबरतात ते अर्धवट ऐकून. साखरेचा आकडा नीट समजावून सांगितला की रोगी पथ्याला लागतो.

तिरोडा, गोरेगाव, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव, देवरी आणि सालेकसा या सहा तालुक्यांतून प्रत्येकी आठ-नऊ पहिलटकरणी मिळाल्या, तरी पन्नासचा आकडा पुरा होतो. दर पाच वर्षांनी एकदा, सारसांच्या गणतीप्रमाणे ठरलेल्या महिन्यात, हे व्हावे. थोडे दूध स्वीडनसारखे गोठवून ठेवावे, कारण उद्याच्या विषाचे नाव आज आपल्याला ठाऊक नाही. आणि जो आकडा येईल तो दिल्लीला जाण्याआधी त्या पन्नास जणींना, आशाताईंकडून, त्यांच्या बोलीत सांगावा. सोबत हेही, की बाळाला अंगावर पाजणे थांबवायचे नाही.